अर्धा किलो कोळसा

माझं तोंड चालतं, हे आधीच सांगून टाकते. डिंडोलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्याच्या मोटारीवरून भांडण होवो नाहीतर लिफ्टच्या दारावरून, शेवटी मलाच बोलावतात. पण नवरा असा मिळालाय की त्याच्याशी भांडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आमचे हे, म्हणजे बळीराम, सगळं ऐकून घेतात, मान डोलावतात आणि स्वतःला करायचं तेच करतात. एकतीस वर्षं कोळशाच्या पट्ट्याशेजारी उभं राहून कानही थोडे गेलेत, तेव्हा त्यांचं आयतंच फावतं.

हे थर्मलला होते. तापीच्या वरच्या अंगाला, एसटीने दोन-अडीच तासांवर, कोळसा जाळून वीज करतात तिथे. मी आणि पोरगा किरण इकडे शहरात, लिंबायतमध्ये राहायचो, कारण किरणची शाळा इथे आणि माझं साड्यांवर खडे चिकटवायचं काम इथे. हे तिकडे कॉलनीतल्या खोलीत आणि आठवड्याच्या सुट्टीला घरी. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, तुम्ही तिथे करता तरी काय दिवसभर? म्हणाले, तू करतेस तेच. तू चुलीवर पाणी ठेवतेस, आम्हीही ठेवतो. तुझी वाफ झाकण उडवते, आमची वाफ चक्र फिरवते, चक्र फिरलं की वीज. फक्त आमची चूल दहा मजली आहे आणि तिला दिवसरात्र खाऊ घालावं लागतं. कोळशाच्या वॅगनी येतात, यंत्र त्या उचलून उलट्या करतं, पट्ट्यावरून कोळसा वर बंकरमध्ये, म्हणजे मोठ्या कोठीत, चढतो, तिथून चक्कीत पडून पिठासारखा बारीक होतो आणि मग जळतो. यांचं काम पट्ट्यावर आणि बंकरवर, म्हणजे चुलीला घास भरवायचं. मी म्हटलं, म्हणजे तुम्ही तिथली सून. त्यावर हे इतके हसले की पाणी प्यायला लागलं.

सून असोत की सासरा, पण या माणसाने घरात एक नियम आणला आणि माझ्या डोक्याला कायमचा ताप झाला. संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ घरात इस्त्री नाही, मिक्सर नाही, दिवा एक, पंखा एक. का, तर त्या दोन तासांत सगळी दुनिया एकदम बटणं दाबते आणि थर्मलवर भार येतो. लिंबायतमध्ये भिंतीपलीकडे कापडाचे लूम खडखडायचे, रस्त्यावर दुकानांचे दिवे झगमगायचे, आणि मी एका दिव्याखाली पाट्यावर चटणी वाटायची. शेजारणी म्हणायच्या, सुमनबाई, नवरा वीज बनवतो ना तुमचा? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच का? मी त्यांना उत्तरं द्यायची, आणि रविवारी हे आले की तीच उत्तरं दुप्पट करून यांना द्यायची. हे मान डोलवायचे.

आता किरण कमावतो, डिंडोलीत तीन खोल्यांचं घर झालंय, बिल्डिंगच्या गच्चीवर सोलर बसलंय. मला वाटलं, सुटलो. पण हे म्हणाले, दुपारी काय हवं ते लाव, ती वीज सूर्याची. सूर्य हजिऱ्याकडे, समुद्रात उतरला की तो काही आपल्यासाठी थांबत नाही. तेव्हा भार पुन्हा कोळशावरच येतो. उलट आता जास्त कठीण झालंय, दिवसभर थर्मलला म्हणतात हळू चल आणि संध्याकाळी म्हणतात पळ. नियम राहिला. सून स्वप्ना पर्वत पाटियाला साड्यांच्या दुकानात हिशेब लिहिते, ती हौसेने भाताचा विजेवरचा कुकर घेऊन आली. तो संध्याकाळी लावायला बंदी, म्हणून भात दुपारीच होतो. मला त्याचं काही नाही, मी सतरा वर्षं भात खात नाही. मला भाताने वात होतो.

तीन वर्षांपूर्वी हे रिटायर झाले आणि गेल्या वर्षी श्वास लागायला लागला. आधी जिन्यात, मग आंघोळ करताना, मग नुसतं बोलताना. डॉक्टरांनी फोटो काढला, फुफ्फुसं दाखवली, मला त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी विचारलं, काम काय करायचे, आणि मी सांगितल्यावर त्यांनी मान हलवली ते कळलं. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. छोट्या फ्रिजएवढं, विजेवर चालतं, हवेतूनच ऑक्सिजन गाळून घेतं आणि नळीने नाकात सोडतं. डॉक्टर म्हणाले, चोवीस तास लावायचं, न्हाताना काढलं तर चालेल. मी यांना म्हटलं, बघा, जन्मभर तुम्ही विजेला खाऊ घातलं, आता ती तुम्हाला पाजतेय. हे म्हणाले, फेडतेय बिचारी.

तरी तब्येत सुधरेना. पाय सुजायला लागले, ओठ जांभळट दिसायचे. डॉक्टर चिडले, म्हणाले, मशीन नीट चालतंय ना? बोटाला लावायचं ते चिमट्यासारखं यंत्र मी सकाळी लावायची तर आकडा चांगला यायचा. म्हणून मशीनवाल्याला बोलावलं. हितेश नावाचा गुजराती पोरगा, गोड बोलणारा, मला बा, म्हणजे आई, म्हणतो. त्याने जाळी साफ केली, मागच्या बाजूचा एक आकडा पाहिला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि मला बाहेर गॅलरीत बोलावलं. म्हणाला, बा, या मशीनमध्ये तास मोजणारं घड्याळ असतं. मशीनला काही झालेलं नाही. पण हे रोज दोन कलाक बंद असतं.

दोन कलाक. मला तिथेच लख्ख कळलं कुठले दोन तास.

संध्याकाळी सहानंतर मी भाजीला जाते, तशीच पुढे देवळात बसते, दोन बायका भेटतात, येईपर्यंत साडेआठ. किरण-स्वप्ना नऊला. म्हणजे हे घरात एकटे. त्या दिवशी मी पिशवी घेऊन निघाले, जिन्यात थोडा वेळ बसले आणि सातला परत आले. हळूच कुलूप उघडलं. घरात अंधार. मशीन गप्प. हे खिडकीपाशी खुर्चीत, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर उचलून एकेक श्वास ओढत होते. नळी नीट गुंडाळून मशीनवर ठेवलेली. मी बोटाला यंत्र लावलं, ऐंशी. नव्वदीच्या खाली गेलं तर काळजी, असं डॉक्टर म्हणाले होते.

मशीन लावलं, नळी घातली आणि मग माझं तोंड सुटलं. काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. एवढंच, की समोर चौदा मजल्यांचे टॉवर आहेत, घराघरात एसी आहेत, उधन्यापर्यंत लूम चालू आहेत, आणि तुम्ही स्वतःचा श्वास बंद करून वीज वाचवताय? हे म्हणाले, दोन तासांना अर्धा किलो कोळसा लागतो या मशीनला. मी हिशेब केलाय. मी म्हटलं, अर्धा किलो? वॅगनच्या वॅगनी उलट्या करणारा माणूस अर्ध्या किलोसाठी मरायला बसलाय, हत्ती गेला आणि शेपटासाठी अडलं. तेव्हा हे माझ्याकडे न बघता म्हणाले,

"तिकडे आत्ता कोणीतरी बंकरवर उभा असेल, किरणची माय."

मग मी गप्प बसले. मी गप्प बसले हे बिल्डिंगमध्ये सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही.

डॉक्टरांना फोन केला. ते स्पष्ट बोलणारे आहेत. म्हणाले, रोज दोन तास हृदयाला असं पळवलं तर दिवाळीपर्यंत ते थांबेल, मग मला बोलावू नका. किरणने समजावलं, स्वप्ना रडली. आम्ही तिघं आळीपाळीने संध्याकाळी घरी थांबायला लागलो. हे आमच्यासमोर नळी लावायचे, आणि कोणी संडासात गेलं की बटण बंद. पहारा किती दिवस करणार? कोणाचा श्वास कोणाला जबरदस्तीने घेता येत नाही.

आणि खरं सांगू, मला समजावण्याचा हक्कच नव्हता. त्याचं कारण सतरा वर्षांपूर्वीचं आहे. कोळसा उगाळावा तितका काळाच, म्हणून मी तो कधी उगाळला नव्हता.

आम्ही खानदेशी माणसं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. रविवारी स्थापना, रात्रभर गाणी, सोमवारी विसर्जन. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचे, ते दळून त्याचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, करायचे. रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. त्या वर्षी यांना सोमवारी दुपारी दोनची ड्युटी होती, म्हणजे सकाळच्या एसटीने निघायला हवं. मी म्हटलं, कानबाई घरातून निघायच्या आधी घरचा पुरुष निघतो का कुठे? हे म्हणाले, पावसाचे दिवस आहेत, कोळसा ओला आहे, माणसं कमी आहेत. मी ऐकलं नाही. थर्मलच्या गेटवर जाड बुटांशिवाय आत सोडत नाहीत, ते मला माहीत होतं. सोमवारी पहाटे मी यांचे बूट पिशवीत गुंडाळले आणि रेशनच्या तांदळाच्या डब्यात खोल पुरले. कानबाईच्या दिवशी, धान्यात पायताण. तिथे कोणी शोधणार नाही, कारण तिथे कोणी ठेवणारच नाही.

सगळं घर पालथं घातलं यांनी. एसटी गेली. मग थर्मलला फोन लावला. कॉलनीच्या खोलीतला यांचा सोबती बन्सीलाल, नंदुरबारकडचा, यांच्याहून चार वर्षांनी लहान, त्याचंही बिऱ्हाड लिंबायतमध्येच. तो म्हणाला, दादा, तू कानबाईची बोळवण कर, तुझ्या जागी मी उभा राहतो. हे खूश झाले. मीही खूश झाले. दुपारी नदीवर जाऊन आलो, मग मी बूट काढले आणि पलंगाखाली सापडल्यासारखं केलं. हे लगेच निघाले.

त्या संध्याकाळी ओला कोळसा बंकरमध्ये चिकटून बसला. खाली चक्कीला कोळसा जाईना. सातची वेळ, सगळीकडे दिवे लागलेले, भार चढत चाललेला, वरून फोनवर फोन, कोळसा द्या. बन्सीलाल चिकटलेला कोळसा फोडायला बंकरमध्ये उतरला आणि वरचा थर त्याच्या अंगावर आला. हे साडेआठला गेटवर पोचले तेव्हा त्याला काढत होते.

माझी जागा घेतली त्याने, एवढंच हे म्हणाले, एकदाच. पुन्हा कधी बोलले नाहीत. पण दुसऱ्या वर्षी कानबाईला गहू मोजताना मी पाहिलं, घरात पुरुष दोन, हे आणि किरण, आणि यांनी मुठी तीन घातल्या. मी विचारलं नाही. तेव्हापासून दरवर्षी तीन. आणि साडेसहा ते साडेआठचा तो नियम, जो आधी आमचा थट्टेचा विषय होता, तो त्या दिवसानंतर व्रत झाला. बन्सीलालच्या बायकोकडे, शोभाबाईकडे, हे दोनदा जाऊन आले. मी एकदाही गेले नाही. लिंबायतच्या बाजारात ती समोरून दिसली की मी गल्ली बदलायची. माझं सगळं तोंड त्या एका बाईपुढे बंद.

यंदा कानबाई आली. यांनी खुर्चीत बसून, नाकात नळी घालून तीन मुठी मोजल्या आणि दम लागला म्हणून तिसरी अर्धी सांडली. मी खाली बसून एकेक दाणा उचलला. तेव्हाच ठरवलं, की पुढच्या वर्षी या घरात मेलेल्यांच्या दोन मुठी मोजायची पाळी माझ्यावर येऊ द्यायची नाही. मंगळवारी सकाळी एक रोट कापडात बांधला आणि शेअर रिक्षाने लिंबायतला गेले. बाहेरच्याला रोट देऊ नये हे मला ठाऊक आहे. देवी काय करायचं ते करो.

शोभाबाई जुन्याच खोलीत राहते. जमिनीवर साडी पसरून खडे चिकटवत होती, एके काळी मी चिकटवायची तसे. मला पाहून तिने चष्मा काढला. बठ माय, म्हणाली, जशी काही मी काल येऊन गेले होते. मी बसले नाही. उभ्यानेच सांगायला सुरुवात केली, नाहीतर सांगता आलं नसतं. बूट, तांदळाचा डबा, एसटी, फोन. मग यांच्या मुठी. मग मशीन. शेवटी रोट तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, हा तुमच्या माणसाच्या नावाचा, सतरा वर्षं होतोय. मग बसले.

तिने साडीची घडी घातली. सावकाश, खडा निघू नये अशी. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती अहिराणीत बोलली, मी आपल्या बोलीत सांगते.

"तू बूट लपवले नसते तर आज तू इथे खाली बसली असतीस आणि मी रोट घेऊन तुझ्या दारात उभी असते. मग तुला बरं वाटलं असतं का?"

मी रडले. ती नाही रडली. तिने रोटाचा तुकडा मोडून तोंडात टाकला, माझ्या हातावर एक ठेवला आणि विचारलं, बळीरामदादा किती वाजता बंद करतात मशीन? मी सांगितलं. म्हणाली, उद्या येते. तू घरी थांब, पण मध्ये बोलू नको. हे शेवटचं तिला कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

बुधवारी पावणेसातला बेल वाजली. घरात एक दिवा होता. मी मुद्दाम स्वयंपाकघरात होते, आणि हे नेहमीप्रमाणे नळी काढून खिडकीपाशी. शोभाबाईला पाहून हे उठायला गेले, उठता आलं नाही. वहिनी, एवढंच म्हणाले. ती बसली नाही. चप्पल काढली, पदर खोचला आणि घरभर फिरून एकेक बटण दाबायला लागली. पुढच्या खोलीतले दोन्ही दिवे, पंखा, देवघरातला बल्ब, आतल्या खोल्या, गॅलरी, टीव्हीसुद्धा. हे दम लागलेल्या आवाजात म्हणत होते, वहिनी, नको, भाराची वेळ आहे. सगळं घर उजळल्यावर ती यांच्यासमोर येऊन जमिनीवर बसली.

मग तिने सांगितलं. बन्सीलाल गेला तेव्हा तिचा श्रीरंग सहा वर्षांचा होता. तो आता तिथेच, थर्मलच्या कंट्रोल रूममध्ये आहे. ती नको म्हणत होती, त्याने ऐकलं नाही. आता बंकरमध्ये कोणाला उतरू देत नाहीत, कोळसा अडला तर यंत्र हलवतं, हे त्याने तिला दहा वेळा सांगितलंय, तरी आईचा जीव तो. या आठवड्यात त्याची दुसरी पाळी, म्हणजे आत्ता तो तिथे आहे.

"सात वाजले की मी घरातले सगळे दिवे लावते, दादा. एक खोली आहे, तीन दिवे आहेत, तिन्ही लावते. लागले की मला कळतं, पोरगा बरा आहे. त्याचा बाप त्याच उजेडासाठी गेला, आणि तुम्ही त्याच्या नावाने तो मालवून बसलात? माझी दोन्ही माणसं तिथे उभी राहिली ती कोणीतरी बटण दाबावं म्हणून. आजारी माणसाने श्वास घ्यावा म्हणून. तुम्हीच बंद करून बसलात, तर माझ्या श्रीरंगने आत्ता कोणासाठी उभं राहायचं?"

यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात उचलायचा दमही नव्हता. शोभाबाईने मशीनचं बटण दाबलं. ते नेहमीसारखं गुरगुरलं आणि फुस्स करून श्वास सोडायला लागलं. तिने नळी उलगडली, पण नाकात घातली नाही, यांच्या हातात दिली. यांनी ती बराच वेळ हातात धरून ठेवली. मग स्वतःच्या हाताने कानांमागून घेतली आणि नाकात बसवली. मी स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला धरून उभी होते. थोड्या वेळाने बोटाला यंत्र लावलं, शहाऐंशी, मग एकोणनव्वद, मग ब्याण्णव.

शोभाबाई चहा पिऊन सव्वासातला गेली. जेवायच्या सुट्टीत श्रीरंगचा फोन येतो, तेव्हा तिला घरी असावं लागतं. जाताना मला म्हणाली, पुढच्या कानबाईला मुठी मोजायला मलाही बोलाव, बन्सीलालची मूठ मी घालीन.

दार लावलं आणि मी यांच्याजवळ जाऊन बसले. दिवे कोणीच बंद केले नाहीत. काल शोभाबाईला सांगितलं ते आजही यांना न सांगता झोपले असते तर मी माणूस नव्हते. म्हटलं, ऐका, त्या दिवशी तुमचे बूट पलंगाखाली नव्हते. मी लपवले होते.

यांनी माझ्याकडे पाहिलं. नळी असली की हे हळूहळू, तोडून तोडून बोलतात.

"तांदळाच्या डब्यात," म्हणाले.

मी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं? म्हणाले, कोणी नाही. त्या दिवशी बन्सीलालला काढत होते तेव्हा मी बाजूला उभा होतो आणि पायाला काहीतरी सारखं टोचत होतं. शेवटी बूट काढून झटकला. तांदूळ पडले. सगळ्या काळ्या कोळशावर पांढरे. पिशवी कुठेतरी फाटली असेल तुझी.

सतरा वर्षं. सतरा वर्षं या माणसाला माहीत होतं, आणि मी रोज वाटेल ते बोलत राहिले, आणि याने एकदाही, रागाच्या भरातसुद्धा, हे वाक्य माझ्या तोंडावर मारलं नाही. मी म्हटलं, का नाही विचारलंत? मला तेव्हाच विचारायचं होतंत. हे म्हणाले, विचारलं असतं तर तुला कबूल करावं लागलं असतं. मग तू कोणाच्या तोंडाकडे बघून जगली असतीस? तुला बोलायला लागतं. तू गप्प झाली असतीस तर मला घरी यावंसं वाटलं नसतं.

एकाच घरात आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. मी यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. यांचा हात माझ्या केसांवर आला, अजून थंडच होता.

"सुमन," म्हणाले. नावाने हाक मारायची यांची सवय नाही, किरण झाल्यापासून मी किरणची मायच आहे. "तुला वात होत नाही भाताने. मला माहिती आहे. आज भात लाव."

मी डोळे पुसले. म्हटलं, आत्ता? साडेसात वाजलेत, गॅसवर भाजी आहे.

"गॅसवर कशाला? तो स्वप्नाचा कुकर आहे ना, विजेचा. त्यात लाव."

मी उठले. तांदळाच्या डब्यात हात घातला तेव्हा बोटं थोडी अडखळली, पण घातला. दोन वाट्या धुतल्या, पाणी मोजायचं राहिलं, अंदाजाने ओतलं आणि कुकरचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. मी उगाच त्याला हात जोडले, संध्याकाळी दिवा लावल्यावर जोडतो तसे. बाहेरच्या खोलीतून मशीनचा आवाज येत होता आणि हे मान वळवून खिडकीतून समोरच्या टॉवरचे दिवे बघत होते.

आठ वाजता आम्ही दोघं जेवायला बसलो. पाणी जास्त झाल्यामुळे भात चिकट झाला होता. यांनी नळी सांभाळत वाकून माझ्या ताटात आणखी एक डाव वाढला.